गोळी दाबणारे यंत्र कोणाच्या हातात?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

अमली पदार्थ बनवण्याच्या साधनांवर थेट लगाम घालू पाहणाऱ्या अमेरिकी विधेयकांची दखल मागच्या अंकात घेतली होती. गोळ्या दाबण्याची यंत्रे, कॅप्सूल भरण्याची यंत्रे आणि गोळीवर अक्षर उमटवणारे पंच-डाय हा त्यांचा रोख आहे. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. औषधनिर्मिती, यंत्रबांधणी आणि एनडीपीएस कायदा (भारताचा अमली पदार्थविरोधी कायदा) या तिन्ही क्षेत्रांत काम करणाऱ्या जाणकारांनी मिळून उत्तरे दिली आहेत.

अशा यंत्रावर अमली गोळ्या पाडणे अमेरिकेत आधीपासूनच गुन्हा असणार. मग नवे विधेयक कशासाठी?
— एक वाचक, पुणे

गुन्हा आहेच, आणि तोही सविस्तर लिहिलेला. अमेरिकी संहितेच्या २१व्या भागातील कलम ८४३ पाहा. त्यातले एक उपकलम दुसऱ्याच्या औषधाची खूण उमटवून बनावट माल तयार करण्याच्या पंच आणि डायबद्दल आहे. पुढचे उपकलम तीन तोंडांचा गोलबुडी फ्लास्क, गोळ्यांचे यंत्र, कॅप्सूलचे यंत्र, जिलेटिनच्या रिकाम्या कॅप्सूल आणि ‘वापरता येईल असे कोणतेही साधन’ बाळगण्याबद्दल आहे. मात्र ही वस्तू अमली पदार्थ बनवायला जाणार आहे हे माहीत असले, तसा हेतू असला किंवा तसे वाटण्याला सबळ कारण असले, तरच गुन्हा होतो. नुसते यंत्र घरात सापडले म्हणून शिक्षा होत नाही.

खोट आहे ती शिक्षेच्या पायऱ्यांत. या कलमाखाली साधारण शिक्षा कमाल ४ वर्षे. साधन मेथॅम्फेटामिनसाठी असेल तर १० आणि आधी शिक्षा झालेली असेल तर २० वर्षे. ही वाढीव शिक्षा लिहिली गेली तेव्हा देशाला घोर होता तो मेथचा. फेंटानिल या अतितीव्र वेदनाशामकाच्या गोळ्यांची लाट नंतर आली आणि तिच्या यंत्राला ४ वर्षांचीच पायरी उरली. ‘स्टॉप पिल्स दॅट किल’ नावाचे विधेयक फेंटानिलच्या बनावट गोळ्यांनाही तीच १० आणि २० वर्षांची पायरी लावू पाहते. ‘कास्ट’ या नावाने ओळखले जाणारे दुसरे विधेयक साच्यावर बोट ठेवते: पहिल्या किंवा दुसऱ्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वांत कडक नियंत्रणाखालच्या, पदार्थाची बनावट गोळी पाडण्याच्या हेतूने साचा बाळगला तर २० वर्षांपर्यंत कैद. तिसरी मागणी अशी की प्रत्येक यंत्रावर आणि त्याच्या मुख्य भागांवर अनुक्रमांक कोरलेला असावा आणि विकणाऱ्याने त्याची नोंद ठेवावी.

आमच्या मते या तिन्हींत शेवटची मागणी सर्वांत कामाची आहे, कारण वाढीव शिक्षा माणूस सापडल्यानंतर लागू होते. यंत्रावरचा क्रमांक मात्र तो माणूस सापडायलाच मदत करतो.

एक लक्षात घ्या. विधेयक मांडले गेले म्हणजे कायदा झाला असे नाही. तिथे दोन वर्षांची काँग्रेस संपली की मंजूर न झालेली विधेयके आपोआप मावळतात आणि पुन्हा नव्या क्रमांकाने मांडावी लागतात. ‘अमेरिकेत कायदा झाला’ असे संदेश फिरतात, त्यातले बरेचसे अशा मांडलेल्या विधेयकांचेच असतात.

माझी मुलगी अमेरिकेत शिकते. बनावट गोळी डोळ्यांनी ओळखता येते का? आणि एकाच पुडीतली एक गोळी खाऊन काही होत नाही, दुसरीने जीव जातो, हे कसे?
— एक आई, ठाणे

ताई, डोळ्यांनी ओळखता येत नाही, हेच त्या गोळीतले विष समजा. सर्वांत जास्त नक्कल होते ती ऑक्सिकोडोन या वेदनाशामकाच्या छोट्या निळ्या गोळीची, एका बाजूला चौकटीत ‘एम’ आणि दुसऱ्या बाजूला ‘३०’ असलेल्या. पंच नीट कोरलेला असला तर खरी आणि खोटी गोळी शेजारी ठेवूनही औषधविक्रेता फसतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिसळण्यात आहे. फेंटानिलचे २ मिलिग्रॅम जीवघेणे ठरू शकतात. म्हणजे मिठाचे काही कण. एवढेसे द्रव्य किलोभर भुकटीत सगळीकडे सारखे पसरवणे हे औषध कारखान्यातल्या सर्वांत अवघड कामांपैकी एक आहे. परवानाधारक कारखाना त्यासाठी मिश्रणाचे वेगवेगळ्या जागांचे नमुने तपासतो, आणि तयार गोळ्यांचीही परीक्षा घेतो. भारतीय औषधकोशाप्रमाणे १० गोळ्या स्वतंत्रपणे तपासतात. प्रत्येकीत सरासरीच्या ८५ ते ११५ टक्के औषध असावे लागते. एकच गोळी या मर्यादेबाहेर पण ७५ ते १२५ च्या आत असेल तर आणखी २० गोळ्या तपासतात. बेकायदा अड्ड्यावर यातले काहीच होत नाही. यंत्र प्रत्येक गोळीत भुकटीचे वजन जवळपास सारखे भरते, पण त्या वजनात विष किती आले हे यंत्राला कळत नाही. म्हणून दोन गोळ्या वजनाला, रंगाला, आकाराला सारख्या असतात आणि एकीत विष जवळजवळ नसते, तर दुसरीत दुप्पट असते. अमेरिकेच्या अमली पदार्थ प्रशासनाने, म्हणजे डीईएने, २०२३ मध्ये तपासलेल्या फेंटानिलयुक्त बनावट गोळ्यांपैकी १० मागे ७ गोळ्यांत जीवघेणी मात्रा निघाली होती.

मुलीला सांगायच्या गोष्टी अशा. गोळी फक्त औषधांच्या दुकानातून, स्वतःच्या नावाच्या बाटलीतली घ्यायची. परीक्षेच्या दिवसांत मैत्रिणीने ‘एकाग्रतेसाठी’ किंवा ‘झोपेसाठी’ दिलेली गोळीही नको; ॲडेरॉल आणि झॅनॅक्स यांच्याही नकला फिरतात. फेंटानिलसारख्या द्रव्यांचा असर उतरवणारे, नाकात फवारण्याचे नॅलोक्सोन २०२३ पासून तिथे चिठ्ठीशिवाय मिळते, ते खोलीत ठेवावे. कोणी हाक मारूनही जागे होत नसेल, श्वास मंद किंवा घरघरीचा असेल, ओठ निळसर पडले असतील तर आधी ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन, मग एका नाकपुडीत एक फवारा. माणसाला कुशीवर वळवून ठेवायचे. २–३ मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा फवारा, दुसऱ्या नाकपुडीत. शुद्धीवर आला तरी एकटे सोडायचे नाही, कारण नॅलोक्सोनचा असर आधी ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो.

आमचा वसईला छोटा कारखाना आहे. १० आणि १६ स्टेशनची रोटरी यंत्रे आणि टूलिंग (पंच-डायचे संच) बनवतो. परदेशातून, विशेषतः अमेरिकेतून, संकेतस्थळावरून चौकशा येतात. काय सांभाळावे?
— एक यंत्रनिर्माता

प्रश्न वेळेवर आला. अमेरिकेत गोळ्यांचे यंत्र ही नोंद करून विकायची वस्तू आहे. व्याख्या मालाकडे पाहत नाही, कामाकडे पाहते: भुकटी, दाणेदार किंवा अर्धघन पदार्थ दाबून अथवा साच्यात घालून घट्ट गोळी करणारे हाताचे, अर्धस्वयंचलित किंवा स्वयंचलित साधन. त्यामुळे ‘हे तर हाताचे, टेबलावरचे आहे’ ही सबब चालत नाही.

तिथल्या आयातदाराला डीईएचा फॉर्म ४५२ ऑनलाइन भरावा लागतो. माल सीमाशुल्कातून सुटण्याच्या अपेक्षित तारखेआधी किमान १५ दिवस तो पोहोचला पाहिजे, आणि व्यवहार क्रमांक मिळाल्याशिवाय आयात पुरी होत नाही. देशांतर्गत विक्रीत माल पाठवल्यावर १५ दिवसांत हाच फॉर्म जातो. त्यात मेक, मॉडेल, अनुक्रमांक आणि यंत्र हाताचे की विजेचे हे लिहावे लागते. ही जबाबदारी आयातदाराची असली तरी तुमचा फायदा यातच आहे की व्यवहार क्रमांकाची प्रत हातात आल्याशिवाय माल न्हावाशेवाला पाठवू नये. नाहीतर पेटी पलीकडे अडकते आणि भाडे, दंड, परतीचा खर्च यांचे भांडण तुमच्या गळ्यात येते.

नेमप्लेट रिव्हेटने लावलेली पातळ पत्र्याची असते आणि ती पाच मिनिटांत निघते. क्रमांक बेडवर आणि टरेटवर (पंच बसवलेल्या फिरत्या चकतीवर), दोन्ही ठिकाणी कोरा. बीजकात, पॅकिंग यादीत आणि चाचणी अहवालात तोच क्रमांक लिहा. बीजकावर ‘मशिनरी पार्ट्स’ असे मोघम लिहू नका. गोळी दाबण्याच्या यंत्राला सीमाशुल्कासाठी मालाचे वर्गीकरण करणाऱ्या जागतिक एचएस यादीत स्वतःचा सहा अंकी क्रमांक नाही. त्यामुळे वर्णनाचा शब्दच सीमाशुल्क अधिकाऱ्याचा एकमेव धागा असतो. मोघम वर्णनाचा माल आधी संशयात जातो, मग उघडला जातो.

आता ग्राहक. खरा औषधवाला किंवा पूरक आहारवाला सगळ्यांत आधी त्याच्या मालाबद्दल बोलतो: गोळीचे वजन, व्यास, भुकटीची घनता, टूलिंग बी की डी मापाचे, पोलादाचा दर्जा, ताशी किती गोळ्या. हिशेब सोपा आहे. एकाच बाजूने गोळ्या देणारे १६ स्टेशनचे (एका फेरीत १६ गोळ्या पाडणारे) यंत्र मिनिटाला ३० फेऱ्यांनी चालले तर १६ × ३० × ६० म्हणजे ताशी २८,८०० गोळ्या. खऱ्या ग्राहकाला हा आकडा त्याच्या बाजारपेठेशी जुळवून दाखवता येतो. तो बसवणीची आणि चालवून दाखवण्याची कागदपत्रे मागतो, हमीवरून घासाघीस करतो. जो यातले काही विचारत नाही, राहत्या घराचा पत्ता देतो, बीजक तिसऱ्याच्या नावे मागतो, नेमप्लेट नको म्हणतो, यंत्र सुटे करून वेगवेगळ्या पार्सलांत पाठवायला सांगतो, त्याची चौकशी तिथेच थांबवा आणि पत्रव्यवहार जपून ठेवा. एनसीबीच्या, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण ब्यूरोच्या, विभागीय कार्यालयाला कळवता येते.

सगळ्यात नाजूक जागा टूलिंगची आहे. यंत्र नसले तरी पंच विकले जातात. पंचाच्या टोकावर दुसऱ्या कंपनीची अक्षरे किंवा आकडे कोरून मागितले तर आधी तीन कागद घ्या: त्या खुणेच्या मालकाचे अधिकारपत्र, औषध परवान्याची प्रत आणि सही केलेले रेखाचित्र. ‘नमुना म्हणून फक्त एक संच’ हा हट्ट नेहमीचा आहे. बनावट गोळीला एक संच पुरतो. झिजून परत आलेले कोरीव पंच भंगारात जसेच्या तसे टाकू नका. टोक ग्राइंडरवर घासून खूण घालवा, मग तोडा, आणि नोंदवहीत संच क्रमांक, नग, तारीख लिहा.

ऑनलाइन विक्रीच्या मंचांवरही हीच जबाबदारी येते. गोळ्यांच्या यंत्रांच्या विक्रीत ग्राहकाची ओळख, नोंद आणि अहवाल यांत हयगय केल्याच्या आरोपावरून ई-बेने जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी सरकारला ५.९ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. छोट्या कारखान्याला असा एक दावा पेलणार नाही.

दवाखान्यात हाताने चालणारे वटी यंत्र आहे. रुग्णांसाठी गुग्गुळ, वटी करतो. उद्या हे बाळगायला परवाना लागेल का?
— एक वैद्य, सांगली

वैद्यराज, आज भारतात यंत्र बाळगायला परवाना लागत नाही. परवाना लागतो तो विक्रीसाठी औषध बनवायला. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधले कलम ३३ईईसी स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या वैद्य आणि हकिमांना सूट देते. त्या गोळ्या दुकानात ठेवायला दिल्या, पॅकिंग करून दुसऱ्या वैद्यांना विकल्या की सूट संपते आणि आयुर्वेदिक उत्पादन परवाना घ्यावा लागतो. यंत्राची पावती मात्र सांभाळा. पुढे कधी नोंदणी आली तर पहिला प्रश्न ‘कुठून घेतले’ हाच असेल.

आमच्या बचत गटाकडे कापराच्या वड्या पाडायचे यंत्र आहे. हे असल्या कायद्यात येते का? आणि एकीचा भाऊ कॅनडात देवपूजेच्या सामानाचे दुकान चालवतो, त्याला तसेच यंत्र पाठवायचे आहे.
— बचत गटाच्या अध्यक्षा, सातारा जिल्हा

ताई, इथे काही अडचण नाही. कापूर, डांबरगोळ्या, भांडी घासायच्या वड्या असल्या कामांसाठी हजारो यंत्रे चालतात.

कॅनडाचे वेगळे आहे. तिथे मे २०१७ मध्ये नियंत्रित पदार्थ कायद्यात दुरुस्ती झाली. गोळ्यांची आणि कॅप्सूलची यंत्रे नवव्या अनुसूचीत आली, आणि ती आयात करणाऱ्याने आधी हेल्थ कॅनडाकडे नोंदणी करून तिचा पुरावा सीमेवर दाखवायचा असे ठरले. व्याख्या भुकटी दाबून गोळी करणाऱ्या साधनाची आहे, हाताचे असो की स्वयंचलित; आत कापूर आहे की औषध हे ती विचारत नाही. म्हणजे भावाचे कापूरयंत्रही त्यात बसते. त्याने आधी नोंदणी करावी, पुरावा तुम्हाला पाठवावा, मगच यंत्र पाठवा. नोंदणीविना गेलेले यंत्र सीमेवरच अडवले जाऊ शकते. दुकान ब्रिटिश कोलंबियात असेल तर आणखी एक पायरी आहे: त्या प्रांताने २०१८ मध्ये स्वतंत्र कायदा करून स्वयंचलित यंत्रे बाळगणे, वापरणे आणि विकणे यांवरही अंकुश आणला. हाताचे यंत्र घेतले तर प्रांतातली ही अडचण टळते का, ते भावाने तिथल्या वकिलाला विचारून घ्यावे.

यंत्र कधी विकायचे झाले तर भंगारवाल्याला अखंड देऊ नका. चालू यंत्र विकायचे असेल तर घेणाऱ्याचे ओळखपत्र, जीएसटी क्रमांक असेल तर तो आणि सही केलेला कागद ठेवा. भंगारातच काढायचे असेल तर डाय आणि पंच आधी गॅसने कापून घ्या.

एनडीपीएस कायद्यात साधनांबद्दल नेमके काय आहे? कलम ५४ मुळे निर्दोष माणूस अडकू शकतो का?
— विधी शाखेचा विद्यार्थी, नागपूर

१९८५ च्या कायद्याचा सगळा भार पदार्थावर आहे. साधने तीन-चार ठिकाणी येतात. तुम्ही विचारलेल्या कलम ५४ मधला तिसरा खंड म्हणतो की अमली पदार्थ बनवण्यासाठी ‘खास रचलेले उपकरण’ किंवा त्यासाठी ‘खास योजलेला भांड्यांचा संच’ कोणाच्या ताब्यात सापडला आणि त्याचा समाधानकारक खुलासा झाला नाही, तर गुन्हा घडला असे न्यायालय धरून चालू शकते. चौथा खंड अर्धवट प्रक्रिया झालेल्या मालाला आणि उरलेल्या अवशेषांना हीच गोष्ट लावतो.

शब्द बारकाईने वाचा. गोळ्यांचे यंत्र ‘खास रचलेले’ नसते. त्यावर पॅरासिटामॉलही पडते आणि कापूरही. काचेचा एक फ्लास्क म्हणजे ‘संच’ नव्हे. त्यामुळे सरकारी पक्षाला बहुतेक वेळा चौथ्या खंडाकडे, म्हणजे अवशेषांकडे जावे लागते. खटले ढासळतात तेही इथेच. हॉपरमध्ये (भुकटी ओतायच्या नसराळ्यात), टरेटच्या खाचांत, पंचाच्या टोकांवर, धूळ ओढणाऱ्या पिशवीत भुकटी असते. जागेवरच प्रत्येक ठिकाणचा नमुना वेगळ्या पाकिटात घेऊन मोहोरबंद केला नाही आणि यंत्र तसेच ट्रकवर चढवले, की ती भुकटी गळते, मिसळते, वाहून जाते. पंचनाम्यात ‘एक टॅबलेट मशीन, हिरवा रंग’ एवढेच लिहिले असेल तर दोन वर्षांनी न्यायालयात हेच ते यंत्र हे सिद्ध करायचे कशावरून? मेक, मॉडेल, अनुक्रमांक, स्टेशनांची संख्या, बसवलेल्या आणि सुट्या पंचांची मोजणी, प्रत्येक कोरीव पंचाचे जवळून छायाचित्र हे सगळे पंचनाम्यात आले पाहिजे.

निर्दोष माणसाबद्दल: नूर आगा विरुद्ध पंजाब राज्य या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम ३५ आणि ५४ घटनाबाह्य ठरवली नाहीत, पण पायाभूत गोष्टी सरकारी पक्षाने आधी सिद्ध केल्याशिवाय आरोपीवर भार सरकत नाही, असे सांगितले. ताबा कोणाचा आणि वस्तू काय, हे आधी सरकारने दाखवायचे. खुलाशाला कागद लागतात: खरेदीची पावती, यंत्राची कामाची नोंदवही, सफाईची नोंद. त्या नोंदी ज्याच्याकडे आहेत त्याला कलम ५४ ला भ्यायचे कारण नाही.

बाकीची कलमे थोडक्यात. कलम ६० खाली पदार्थाबरोबर सामग्री, उपकरणे, भांडी जप्तीला पात्र ठरतात. कलम ६३ नुसार आरोपी सुटला तरी न्यायालय सरकारजमा करण्याचा निर्णय वेगळा घेते, मात्र हक्क सांगणाऱ्याला ऐकल्याशिवाय किंवा जप्तीपासून महिना होण्याआधी तसा हुकूम देता येत नाही. भाड्याने यंत्र देणाऱ्याने ही मुदत चुकवू नये. कलम ३० ‘तयारी’ला शिक्षा देते, पण मुख्यतः व्यापारी प्रमाणातल्या गुन्ह्यांना, मेफेड्रोन (‘एमडी’) या अमली पदार्थासाठी ते प्रमाण ५० ग्रॅम आहे.

ह्यूस्टनला हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवते. जुने सहकारी सांगतात की टेक्सासमध्ये एकेकाळी फ्लास्कलाही परवाना लागायचा. खरे का?
— एक शिक्षिका

खरे आहे, आणि साधनांच्या यादीने कायदा कसा फसतो याचा तो धडाच आहे. टेक्सासच्या यादीत कंडेन्सर, गाळण्याचे फ्लास्क, बुखनर फनेल, सेपरेटरी फनेल, सॉक्सलेट, तापवण्याचे मँटल, एर्लेनमेयर फ्लास्क आणि ॲडॅप्टर नळ्यासुद्धा होत्या. विकत घ्यायला राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याचा परवाना लागे. हौशी प्रयोग करणारी मुले, छोटे अत्तरवाले, घरी शिकवणारे पालक यांना त्याचा जाच झाला. मेथ शिजवणाऱ्याला एर्लेनमेयरची गरज नव्हती; स्वयंपाकघरातली बरणी त्याला पुरत असे. शेवटी १ सप्टेंबर २०१९ पासून ही परवाना पद्धत रद्द झाली. तुमच्या प्रयोगशाळेला आता त्याची गरज नाही. शाळेची साठा नोंदवही मात्र चालू ठेवा.

एमआयडीसीत माझा गाळा आहे. भाडेकरूने आत काय केले याची जबाबदारी माझ्यावर येते का?
— एक गाळामालक, कोल्हापूर

एनडीपीएसचे कलम २५ सांगते की मालक, ताबेदार किंवा वापरदार यांनी *जाणूनबुजून* जागा गुन्ह्यासाठी वापरू दिली तर त्यांना त्या गुन्ह्याचीच शिक्षा. जाणूनबुजून हा शब्द तुमचे रक्षण करतो, पण डोळेझाक केल्याचा पुरावा पुढे आला तर हे रक्षण टिकणे अवघड. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोनचा मोठा साठा पकडला. राज्यात असे अड्डे वरून नेहमीच्या रासायनिक कारखान्यासारखेच दिसतात.

भाडेकरार नोंदवा, त्यात उत्पादनाचे नाव लिहा आणि तपासणीचा हक्क ठेवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, जीएसटी आणि वीजजोडणी ही तिन्ही त्याच व्यवसायाच्या नावावर आहेत का ते पाहा. संमतीपत्रात ‘मसाला पॅकिंग’ आणि गाळ्यात ग्लासलाइन्ड रिॲक्टर (रासायनिक प्रक्रियेची काचेच्या अस्तराची टाकी), हे जुळत नाही. वीज-पाणी खूप पण माल बाहेर जात नाही, काम फक्त रात्री, सांडपाणी टँकरने नेले जाते, नावाची पाटी नाही, भाडे वर्षाचे रोख आगाऊ. यातली एखादी गोष्ट निष्पाप असू शकते. तीन एकत्र आल्या तर लेखी विचारा आणि उत्तर पटले नाही तर पोलिसांना लेखी कळवा. पोचपावती घ्या. तोंडी सांगितलेले पुढे कामी येत नाही.

मग भारतानेही असा कायदा करावा का?
— अनेक वाचक

करावा, पण यादीचा नव्हे, व्यवहाराच्या नोंदीचा. १९८८ च्या व्हिएन्ना करारातील कलम ३ प्रमाणे, बेकायदा वापर होणार हे माहीत असून साधने बनवणे, पोहोचवणे, वाटणे हा गुन्हा ठरवायचा आहे. कलम १३ साधनांचा व्यापार वळवला जाऊ नये म्हणून उपाय करायला सांगते. भारत १९९० पासून या कराराचा पक्ष आहे. रसायनांच्या बाबतीत आपण चोख व्यवस्था उभी केली: २०१३ चा नियंत्रित पदार्थ आदेश. ॲसिटिक अनहायड्राइड, एफिड्रिन, स्यूडोएफिड्रिन यांसारख्या द्रव्यांच्या व्यवहारासाठी एनसीबीचा नोंदणी क्रमांक, रोजची नोंदवही, मालासोबत पाठवणीपत्र, तिमाही विवरण. हाच साचा यंत्रांना लावता येतो.

कायदा लिहिणाऱ्यांना आमचे सांगणे असे. काचसामान, मिक्सर, चाळण्या यांना हात लावू नये. फक्त तीन गोष्टी धराव्यात: विजेवर चालणारी गोळ्यांची यंत्रे, स्वयंचलित कॅप्सूल यंत्रे आणि कोरीव पंच-डाय. बनवणाऱ्याने क्रमांक कोरावा. विकणाऱ्याने, जुना माल विकणाऱ्यानेही, घेणाऱ्याची ओळख आणि कारण नोंदवून १५ दिवसांत ऑनलाइन कळवावे. बिघडलेले, मोडीत काढलेले यंत्रही त्याच नोंदीतून बाद व्हावे. हाताने चालणारी यंत्रे, वैद्य आणि गृहोद्योग यांना बाहेर ठेवावे. नोंद न करणे हा दंडाचा अपराध असावा आणि कैद फक्त हेतू सिद्ध झाल्यावर. ही शेवटची रेघ धूसर ठेवली तर पावती हरवलेला कापूरवाला तुरुंगात जाईल.

जुन्या यंत्रांचा बाजार धरला नाही तर बाकी सगळे व्यर्थ आहे. रोटरी यंत्राचे आयुष्य २५–३० वर्षे असते. ते तीन-चार हात फिरते, आणि पहिल्या विक्रीची नोंद दुसऱ्या हातापाशी तुटते. २०१६ मध्ये उदयपूरला महसूल गुप्तचर संचालनालयाने मँड्रॅक्स या अमली पदार्थाच्या सुमारे २३ टन गोळ्या पकडल्या होत्या. एवढ्या गोळ्या एखाद्या टेबलावरच्या यंत्रावर पडत नाहीत. आज भारतात असे मोठे यंत्र रोखीने, नुसत्या बीजकावर आणि दुसऱ्या हाताचे असेल तर बीजकाशिवायही विकत मिळते. नोंदणी सुरू करायची तर चालू यंत्रांना आधी वर्षभराची मुदत द्यावी, पावती नसलेल्यांकडून शपथपत्र घेऊन क्रमांक कोरून द्यावा, आणि हे काम अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक व जिल्हा उद्योग केंद्रे यांच्याकडे द्यावे. पोलीस ठाण्यात रांग लावायला लावली तर निम्मे गृहोद्योग फिरकणारच नाहीत.